प्राथमिक वर्गातील प्रज्ञावंत विद्यार्थी: भाषा आणि गणिताचे समृद्धीकरण

प्राथमिक शाळेच्या तिसरी ते पाचवीच्या बहुतेक वर्गांत अशी एकदोन मुले असतात, की फळ्यावरचे उदाहरण पूर्ण लिहून होण्याआधीच त्यांचे उत्तर तयार असते आणि नवे पाठ्यपुस्तक हाती आल्यावर आठवड्याभरातच त्यातले सगळे धडे त्यांनी वाचून काढलेले असतात. अशा मुलांच्या बाबतीत सहसा तीनपैकी एक गोष्ट घडते: त्यांना त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणे दिली जातात, मागे पडलेल्या मुलांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले जाते, किंवा पुढच्या इयत्तेचे पुस्तक त्यांच्या हाती ठेवले जाते. पहिल्या उपायाने मूल कंटाळते, दुसऱ्याने त्याचा स्वतःचा अभ्यास थांबतो आणि तिसऱ्याने पुढच्या वर्षाचा कंटाळा आजच ठरून जातो. या मुलांना खरी गरज असते ती खोलीची, म्हणजे ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले नाही, ज्यासाठी पुरावा गोळा करावा लागतो आणि ज्यावर दोन-तीन आठवडे विचार करता येतो, अशा प्रश्नाची.

शिक्षणशास्त्रात या प्रयत्नाला समृद्धीकरण म्हणतात. पुढचा अभ्यासक्रम लवकर शिकवणे म्हणजे त्वरण, तर त्याच इयत्तेतील विषय अधिक खोलवर, अधिक बाजूंनी आणि अधिक स्वतंत्रपणे अभ्यासण्याची संधी देणे म्हणजे समृद्धीकरण. दोन्हींना आपापले स्थान आहे. तथापि एक किंवा दोन शिक्षकांच्या शाळेतही कोणत्याही वेगळ्या परवानगीवाचून आणि जवळजवळ खर्चावाचून करता येण्याजोगे असल्याने समृद्धीकरणच सर्वसामान्य शिक्षकाच्या अधिक उपयोगाचे आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात ते भाषा आणि गणित या दोन विषयांत कसे करावे, याची मांडणी पुढे केली आहे. हे दोन विषय एकत्र घेण्याचे कारण असे की नियम ओळखणे, तो तपासून पाहणे आणि नेमक्या शब्दांत मांडणे ही बुद्धीची सवय दोन्हींच्या मुळाशी आहे आणि आठ ते अकरा या वयात ती एका विषयात रुजली की दुसऱ्यात सहज उतरते.

प्रज्ञावंत मूल ओळखताना

परीक्षेतील गुण हे प्रज्ञेचे एक लक्षण असू शकते, परंतु ते एकमेव लक्षण नव्हे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार सरासरीपेक्षा अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती ही तीन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात, तेथे प्रज्ञावंत वर्तन दिसते. या मांडणीचा शिक्षकाला होणारा मोठा उपयोग असा की ‘हे मूल हुशार आहे का’ या प्रश्नाची जागा ‘हे मूल कोणत्या विषयात, कोणत्या प्रसंगी अशा तऱ्हेने वागते’ हा प्रश्न घेतो, आणि त्याचे उत्तर रोजच्या निरीक्षणातून मिळू शकते.

महाराष्ट्रात या कामाची जुनी परंपरा आहे. डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ पासून संस्थेची प्रशाला बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी चालू झाली. मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांताचा आधार तेथील कामात घेतला गेला. गिल्फर्ड यांनी दोन प्रकारच्या विचारांतला भेद स्पष्ट केला होता: दिलेल्या माहितीवरून एकाच योग्य उत्तराकडे जाणारा तो अभिसारी विचार आणि एका प्रश्नापासून अनेक दिशांना जाणारा तो अपसारी विचार. शाळेच्या लेखी परीक्षा मुख्यतः पहिल्याचीच मोजणी करतात, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात पुढे असलेले मूल वर्गात मागे राहिल्यासारखे दिसण्याचा धोका असतो.

म्हणून निरीक्षणात काही खुणा आवर्जून पाहाव्यात. जे मूल ‘नेहमीच असे होते का’ असे विचारते, जे उदाहरण वेगळ्या रीतीने सोडवते आणि आपली रीत समजावू पाहते, ज्याला शब्दांच्या खोडी सुचतात, जे एका विषयावर कंटाळा न करता बोलत राहते, पण नीटनेटके लिहिण्याचा मात्र कंटाळा करते, अशा प्रत्येक मुलाचे नाव वहीत टिपून ठेवावे. ज्यांच्या घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी किंवा भिली बोलली जाते, त्या मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी, कारण प्रमाण मराठीत अडखळणारे मूल घरच्या भाषेत अत्यंत सूक्ष्म निरीक्षणे मांडत असू शकते. मुलींचा शांतपणा आणि मुलांचा दंगा या दोन्हींमागे न वापरलेली बुद्धी दडलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. यादी एकदाच करून बंद करू नये, कारण समृद्धीकरणाचा पाठ स्वतःच ओळखीचे उत्तम साधन असतो आणि पहिल्या यादीत नसलेले मूल तिसऱ्या पाठात अचानक पुढे येते, असा अनुभव शिक्षकांना येतो.

वेळ कोठून काढावा

रेन्झुली आणि त्यांच्या सहकारी सॅली रीस यांनी विकसित केलेली अभ्यासक्रम-संक्षेपाची पद्धत येथे उपयोगी पडते. एखादा घटक सुरू करण्यापूर्वी त्याच घटकातील सर्वांत अवघड अशी पाच उदाहरणे, किंवा भाषेच्या बाबतीत धड्यावरील आकलनाचे पाच कठीण प्रश्न, संपूर्ण वर्गाला ऐच्छिक पूर्वचाचणी म्हणून द्यावेत. ज्यांना त्यांतील चार कारणांसह सोडवता येतील, त्यांना त्या घटकाच्या सरावातून मोकळे करावे आणि नव्या संकल्पनेच्या तासिकेला मात्र सर्वांबरोबर बसवावे. आठवड्यातून चाळीस मिनिटांच्या दोन तासिका अशा रीतीने सुटल्या, तरी पुढील पाठांना त्या पुरतात. सुटलेला वेळ शिक्षा वाटेल असे जास्तीचे काम त्यात कधीही भरू नये. नेहमीच्या सरावाला जोडून नव्हे, तर त्याच्या जागी समृद्धीकरण द्यायचे, हा नियम पाळला नाही तर चतुर मुले लवकरच आपली गती लपवू लागतात.

बहुवर्ग शाळेत, म्हणजे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो तेथे, ही व्यवस्था उलट अधिक सोपी होते, कारण तिसरीतील मूल पाचवीच्या गटाबरोबर एखाद्या प्रश्नावर बसले तर त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

पाठाची बांधणी

समृद्धीकरणाच्या चांगल्या पाठाला चार कसोट्या लावाव्यात. पहिली म्हणजे त्याची सुरुवात वर्गातील प्रत्येक मुलाला करता यावी, परंतु त्याचा शेवट शिक्षकालाही पूर्ण माहीत नसावा. दुसरी, साहित्य वही, पेन्सिल, गावातली माणसे आणि शाळेचे ग्रंथालय यांच्या पलीकडचे नसावे. तिसरी, मुलाला आपले म्हणणे पुराव्याने सिद्ध करावे लागावे. चौथी, शेवटी काहीतरी निर्माण व्हावे आणि ते शिक्षकाशिवाय इतर कोणीतरी वाचावे, ऐकावे किंवा वापरावे. या चारही कसोट्यांवर उतरणारे सहा पाठ पुढे दिले आहेत.

पाठ पहिला: एकाच कथेची अनेक रूपे

चिमणीचे मेणाचे घर आणि कावळ्याचे शेणाचे घर ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे, आणि ती प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळेच भाषेच्या समृद्धीकरणासाठी उत्तम आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक मुलाने घरातील आजी-आजोबांकडून किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीकडून ही गोष्ट ऐकून, सांगणाऱ्याच्याच बोलीत, जशीच्या तशी लिहून आणावी. दुसऱ्या टप्प्यात पाच-सहा रूपांचा तक्ता करावा आणि चिमणीने दार न उघडण्याची कोणती कारणे सांगितली, कावळ्याचे शेवटी काय झाले, गोष्ट सांगणाऱ्याने कोणाची बाजू घेतली, अशा रकान्यांत नोंदी कराव्यात. या नोंदींतून मुलांच्या ध्यानात येते की काही भाग सर्वत्र सारखा राहतो आणि काही भाग, विशेषतः शेवट, सांगणाऱ्यागणिक बदलतो. लोककथेच्या अभ्यासकांची मूळ पद्धत हीच आहे.

तिसऱ्या टप्प्यात मतांचा विचार करावा. चिमणीने कावळ्याला ताटकळत ठेवणे योग्य होते का, या प्रश्नावर प्रत्येक मुलाने आपले मत द्यावे आणि त्यासाठी कथेतील निदान दोन पुरावे दाखवावेत. कथेत स्पष्ट सांगितलेली गोष्ट आणि कथेवरून काढलेला निष्कर्ष यांतला फरक येथे शिकवावा, कारण वाचनाचे पुढील सर्व शिक्षण या फरकावर उभे राहते. शेवटी कावळ्याच्या तोंडून संपूर्ण गोष्ट लिहायला सांगावी, मात्र एकही घटना बदलायची नाही, केवळ सांगणारा बदलायचा, अशी अट घालावी. घटना त्याच ठेवून अर्थ बदलणे ही अवघड लेखनकला आहे आणि नऊ वर्षांच्या मुलालाही ती जमू शकते. जमलेली सर्व रूपे बोलीभाषेसह एका हस्तलिखितात बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत.

पाठ दुसरा: ओठ न मिटता लिहिलेला परिच्छेद

अठराव्या शतकातील कवी मोरोपंत यांनी रामकथेवर अनेक लहानमोठी रामायणे रचली आणि त्यांतील निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचे वर्ण टाळले. त्यापूर्वी संस्कृतमध्ये दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्त हे पात्रही ओठांना झालेल्या जखमेमुळे असे वर्ण टाळूनच आपली हकीकत सांगते. ही माहिती देऊन मुलांना आरसा घेऊन क पासून म पर्यंतची व्यंजने म्हणायला लावावीत आणि कोणत्या वर्णांना ओठ मिटतात हे त्यांनाच शोधू द्यावे. प, फ, ब, भ, म हा प-वर्ग त्यांना सापडला, की उच्चारस्थानानुसार वर्णमाला लावण्यामागील विचार त्यांना आपोआप उलगडतो.

त्यानंतर या पाच वर्णांवाचून एक परिच्छेद लिहायला द्यावा. ‘पाऊस पडला, पण नदीला पूर आला नाही’ या साध्या वाक्यातील चार शब्द लगेच बाद होतात आणि त्याच्या जागी ‘सरी कोसळल्या, तरी नदीचे जळ काठ ओलांडून गेले नाही’ असे वाक्य शोधावे लागते. या शोधात समानार्थी शब्दांचा साठा वाढतो, वाक्यरचना उलटीसुलटी करून पाहण्याची सवय लागते, तसेच ‘मी’ आणि ‘आम्ही’ हे शब्द बाद झाल्यामुळे मराठीत क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता कळू शकतो, हे व्याकरणाचे महत्त्वाचे तत्त्वही हाती लागते. ‘अंग’ या शब्दातील अनुस्वार चालतो, परंतु ‘अंबर’ या शब्दातील अनुस्वाराचा उच्चार म् असा होतो, ही बारीक गोष्ट एखादे मूल स्वतः पकडेल, तेव्हा त्याचे खुल्या मनाने कौतुक करावे. ज्यांना हे सहज जमेल त्यांनी पुढच्या पायरीवर ओठ गोल करावे लागणारे उ, ऊ, ओ, औ हे स्वर आणि व हे व्यंजनही टाळून पाहावे.

पाठ तिसरा: कापरेकरांच्या वाटेने

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळाशिक्षक होते आणि कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नसताना त्यांनी संख्यांच्या गुणधर्मांवर आयुष्यभर संशोधन केले. १९४९ मध्ये त्यांनी जाहीर केलेला ६१७४ हा स्थिरांक प्राथमिक वर्गात आणण्यास सर्वथैव योग्य आहे, कारण त्यासाठी वजाबाकीपलीकडचे काहीच लागत नाही.

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या तयार करून त्यांची वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ ही संख्या घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा करून ३०८७ मिळतात, नंतर ८७३० मधून ०३७८ वजा करून ८३५२ आणि शेवटी ८५३२ मधून २३५८ वजा करून ६१७४ मिळतात. पुढे कितीही वेळा कृती केली तरी ६१७४ च येत राहतात. प्रत्येक मुलाने वेगळी संख्या घ्यावी आणि किती पायऱ्या लागल्या याची नोंद वर्गाच्या एकत्रित तक्त्यात करावी. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीही लागत नाहीत, परंतु हे आधी सांगू नये. तक्ता भरत गेल्यावर मुलांनी तसा अंदाज बांधावा आणि तो खोटा ठरवण्याचा प्रयत्न करावा. मधल्या उत्तरात शून्य आल्यास ते अंक म्हणून धरायचे असते, एवढी सूचना मात्र सुरुवातीलाच द्यावी.

बहुतेक पुस्तकांतील कृती येथे संपते, प्रज्ञावंत मुलांसाठी मात्र ती येथून सुरू व्हावी. दोन अंकी संख्यांवर हीच कृती केल्यास काय होते, हे त्यांना पाहू द्यावे. तेथे एक स्थिर संख्या न मिळता ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र मिळते, आणि या साऱ्या संख्या ९ च्या पाढ्यातील आहेत हे मुलांच्या सहज ध्यानात येते. असे का व्हावे, याचा उलगडा दशक-एककाच्या ठोकळ्यांनी करावा: दशकाच्या स्थानावरचा अंक एककाच्या स्थानी आला की त्याची किंमत त्या अंकाच्या नऊपटीने कमी होते आणि एककाचा अंक दशकात गेला की तेवढ्याच हिशेबाने वाढते, म्हणून फरक नेहमी ९ च्या पटीत येतो.

तीन अंकी संख्यांत तर पाचवीतील मुलाला संपूर्ण सिद्धता गाठता येते. मोठ्या आणि लहान संख्येतील मधला अंक तोच राहतो, त्यामुळे वजाबाकी फक्त टोकांच्या अंकांवर अवलंबून असते आणि ती ९९ च्या पटीत येते. टोकांच्या अंकांतील फरक १ ते ९ एवढाच असू शकतो, म्हणून पहिल्या पायरीनंतर ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१ या नऊ संख्यांपलीकडे काहीच मिळू शकत नाही. या नऊ संख्या एकेक करून तपासल्या, की प्रत्येकीची वाट ४९५ वर संपते हे दिसते आणि सर्व तीन अंकी संख्यांबद्दलचे विधान सिद्ध होते. शेकडो उदाहरणे करून वाटणारी खात्री आणि नऊ उदाहरणांत सर्व शक्यता संपवून मिळणारी सिद्धता यांतील अंतर कळणे, हा गणित शिकणाऱ्याच्या आयुष्यातील मोठा क्षण असतो, आणि तो प्राथमिक शाळेतच यावा म्हणून हा पाठ घाई न करता दोन-तीन आठवडे चालवावा.

पाठ चौथा: पावकी, सवायकी, दिडकी

मराठीत अपूर्णांकांसाठी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडे अशी शब्दांची समृद्ध व्यवस्था आहे आणि पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, तसेच साडेतीनची औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. ते पाठ करून घेण्याची आज आवश्यकता नाही, परंतु त्यांची घडण शोधून काढणे हा उत्तम अभ्यास आहे. प्रथम मुलांनी सव्वा वाजता, सव्वा किलो, सव्वाशे आणि सव्वा लाख यांत ‘एकावर’ नेमके किती अधिक आहेत, हे लिहावे. १५ मिनिटे, २५० ग्रॅम, २५ आणि २५,००० अशी चार वेगवेगळी उत्तरे एकाच शब्दातून निघतात, आणि अपूर्णांक हा नेहमी कशाचा तरी भाग असतो, ही पुढील सर्व गणिताला लागणारी समज पक्की होते. ‘साडे’ तीनपासून पुढेच का लागतो, पाऊणशे म्हणजे ७५ तर पावणेदोनशे म्हणजे १७५ कसे, यांचे नियम मुलांनी स्वतःच्या वाक्यांत लिहावेत.

नंतर त्यांनी हे पाढे स्वतः तयार करावेत आणि दिडकीत पूर्ण संख्या कधी येते, सवायकीत कधी येते, याचा शोध घ्यावा. दिडकीत प्रत्येक सम संख्येला, तर सवायकीत चारच्या प्रत्येक पटीला पूर्ण संख्या मिळते. पावकी आणि पाऊणकी यांची बेरीज केली की मूळ संख्या परत येते आणि निमकीची तिप्पट केली की दिडकी होते, असे संबंध मुले शोधू लागतात. त्यांनी शोधलेला प्रत्येक संबंध त्यांच्या नावाने भिंतीवरील तक्त्यात लावावा. गावातील वयस्क व्यक्तींना हे पाढे आठवतात का, हे विचारून त्यांची लय ध्वनिमुद्रित केल्यास भाषेचा आणि गावाच्या स्मृतीचाही ठेवा जमा होतो.

पाठ पाचवा: लघु, गुरू आणि मोजणी

भाषा आणि गणित यांचा सर्वांत सुंदर संगम छंदःशास्त्रात होतो. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु असते आणि त्याची एक मात्रा मोजतात. दीर्घ स्वराचे, अनुस्वार वा विसर्ग असलेले आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात घेणारे अक्षर गुरू असते आणि त्याच्या दोन मात्रा मोजतात. तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. प्रथम मुलांनी तीन अक्षरी नावे घेऊन त्यांचे लघु-गुरू क्रम लावावेत. सुनीता हा य गण, मीनाक्षी म, आनंद त, शारदा र, गणेश ज, माधव भ, कमल न आणि सविता स गण होतो. नववा गण सापडत नाही हे पाहून मुलांना कारण शोधायला लावावे: प्रत्येक जागी दोनच पर्याय असल्याने तीन जागांसाठी दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठच प्रकार शक्य आहेत. चार अक्षरांसाठी सोळा प्रकार ते स्वतः मांडतील, आणि एकही न सुटता सर्व प्रकार कसे लिहावेत, या शोधातून पद्धतशीर यादीची सवय लागेल. पिंगलाच्या छंदःसूत्रात याच मांडणीला प्रस्तार असे नाव आहे.

‘यमाताराजभानसलगं’ हे गण लक्षात ठेवण्याचे सूत्र मुलांना कोडे म्हणून द्यावे. त्यातील कोणतीही तीन लागोपाठची अक्षरे घेतली की पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो आणि दहा अक्षरांत आठही गण एकदाच येतात. अशीच दहा चिन्हांची आणखी एखादी मांडणी करता येते का, या प्रश्नावर पाचवीतील मुले दीर्घकाळ रमू शकतात.

पुढची पायरी मात्रांची आहे. एक मात्रा एकाच प्रकारे भरता येते, दोन मात्रा दोन प्रकारे, तीन मात्रा तीन प्रकारे आणि चार मात्रा पाच प्रकारे. पाच मात्रांसाठी आठ प्रकार निघतील, हे मुलांनी यादी करून पडताळावे आणि १, २, ३, ५, ८ या क्रमात पुढची संख्या मागील दोन संख्यांच्या बेरजेइतकी का येते, हे शोधावे. कारण सोपे आहे: रचनेचे शेवटचे अक्षर लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली रचना असते आणि गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली, म्हणून दोन्ही प्रकारांची बेरीज करावी लागते. युरोपात फिबोनाची यांच्या १२०२ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेला हा संख्याक्रम भारतात छंदांच्या अभ्यासकांनी, विशेषतः विरहांक आणि बाराव्या शतकातील हेमचंद्र यांनी, त्यापूर्वीच मांडला होता. पाठाची सांगता प्रत्येक मुलाने भुजंगप्रयात वृत्तात, म्हणजे चार य गणांच्या बारा अक्षरी चरणांत, स्वतःच्या दोन ओळी रचून करावी. मनाच्या श्लोकांचे वृत्त हेच असल्याने त्याची चाल मुलांच्या कानात बहुधा असतेच.

पाठ सहावा: स्वतःचे उदाहरण रचणे

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर आणि कमळे यांच्या गोष्टींतून गणिताचे प्रश्न श्लोकांत विचारलेले आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचे सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, तेव्हा खानदेशातील शाळांना हा पाठ सहलीलाही जोडता येईल. ‘एका संख्येची दुप्पट करून तीत ६ मिळवले आणि बेरजेला ४ ने भागले, तेव्हा ५ आले’ अशा प्रश्नाचे उत्तर शेवटाकडून उलट जात काढण्याची रीत, म्हणजे विलोमविधी, प्रथम शिकवावी. येथे ५ ची चौपट २०, त्यातून ६ वजा जाता १४ आणि निम्मे ७ हे उत्तर मिळते. त्यानंतर मुलांनी स्वतःचा प्रश्न रचावा आणि मित्राला सोडवायला द्यावा. दिलेली माहिती पुरेशी आहे का, एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघतात का, उत्तर पूर्ण संख्येत येते का, या तीन कसोट्यांवर प्रश्न सुधारत गेला की भाषेतील नेमकेपणा आणि गणितातील तर्क एकाच वहीत तयार होतात.

मूल्यमापन आणि नोंदी

या पाठांना गुण देऊ नयेत. प्रत्येक मुलाची एक शोधवही असावी आणि तीत अंदाज, फसलेले प्रयत्न, बदललेले मत आणि नवे प्रश्न तारखेसह नोंदवले जावेत. शिक्षकाने महिन्यातून एकदा ती वाचून चार बाबींवर दोन-दोन वाक्ये लिहावीत: मुलाने नवा प्रश्न उपस्थित केला का, पुरावा नेमका दिला का, अडचण आल्यावर तो किंवा ती टिकून राहिली का आणि मांडणी दुसऱ्याला समजेल अशी आहे का. नेहमी बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांना चुकण्याची भीती वाटत असते आणि त्यामुळे ती अवघड प्रश्न टाळू लागतात. फसलेल्या प्रयत्नालाही वहीत सन्मानाची जागा मिळाली, तर ही भीती हळूहळू ओसरते.

टाळण्याजोग्या गोष्टी

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आणि समृद्धीकरण यांची गल्लत करू नये. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचा तो सराव उपयुक्त आहे, परंतु ठरावीक वेळेत चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय खुल्या प्रश्नाशी झुंजण्याची जागा घेऊ शकत नाही. निवडलेल्या मुलांचा वेगळा गट करून त्याला बिरुद चिकटवू नये. पाठाची पहिली पायरी संपूर्ण वर्गाने करावी आणि पुढच्या पायऱ्यांचे दार सर्वांसाठी उघडे राहावे. पालकांनीही मुलाची तुलना भावंडांशी वा शेजाऱ्यांशी करू नये, तर घरी त्याला प्रश्न विचारावेत, त्याची रीत समजून घ्यावी आणि उत्तर स्वतःला ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर शोधायला बसावे.

आधाराची साधने

बालभारती १९७१ पासून प्रसिद्ध करत असलेले ‘किशोर’ मासिक, माधुरी पुरंदरे यांची ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ ही पुस्तके आणि विंदा करंदीकरांच्या बालकविता शाळेच्या कपाटात असाव्यात आणि त्यांची ने-आण मुलांना मोकळेपणाने करता यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांना पूरक समृद्धीकरण साहित्य देण्याची आणि शाळा, शाळासमूह व जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे चालवण्याची शिफारस केली आहे. त्या शिफारशीला प्रत्यक्ष रूप देण्यासाठी केंद्रातील शिक्षकांनी शिक्षण परिषदेत एकेक पाठ वाटून घ्यावा, आपापल्या वर्गात तो करून पाहावा आणि मुलांच्या शोधवह्या समोर ठेवून पुढच्या बैठकीत त्यात सुधारणा करावी. सहा पाठांपैकी पहिला कोणता घ्यावा असा प्रश्न पडल्यास कापरेकरांचा घ्यावा, कारण त्याला वही-पेन्सिलीखेरीज काहीही लागत नाही, तो उद्याच्याच तासिकेत सुरू करता येतो आणि वर्गातील कोणते मूल ‘असे का होते’ हा प्रश्न सोडत नाही, हे त्यातून शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात कळते.